पेवात अडकलेले लोह

लहानपणी रात्रीची जेवणे आटोपली की आईचे पाय चेपणे हे माझे काम होते. ती दिवसभर राबलेली असे, त्यामुळे तिचे पाय दुखत असणार अशी घरात सगळ्यांचीच समजूत होती. पण ती स्वतः कधी ‘दुखतात’ असे म्हणत नसे. ‘पायांना चैन नाही गं, पोटऱ्यांत काहीतरी वळवळतंय,’ एवढेच म्हणे, आणि मी झोपी गेल्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पोटऱ्यांना करकचून बांधून पडून राही. त्या वळवळीला वैद्यकशास्त्रात रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असे नाव आहे आणि ती आईकडून मुलीकडे येऊ शकते, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

मी सांगलीत राहते. आमच्या घरची हळदीची अडत आहे आणि दुकानाचे हिशेब गेली सव्वीस वर्षे मी लिहिते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातले घर सोडून आम्ही नणंदेकडे विश्रामबागेत गेलो. एका खोलीत नऊ माणसे झोपत होती. दिवे मालवले की थोड्याच वेळात माझ्या पोटऱ्यांत आतून काहीतरी ओढू लागे. पाय हलवला की क्षणभर बरे वाटे, ठेवला की पुन्हा सुरू होई. शेजारी झोपलेल्या माणसाला लाथ लागेल म्हणून मी उठून जिन्यात फेऱ्या मारत असे. अशा रात्री पूर्वीही अधूनमधून येऊन गेल्या होत्या, पण सलग पंधरा दिवस कधी आल्या नव्हत्या. घराची आणि मालाची काळजी आहे, म्हणून झोप नाही, असे सगळ्यांनी ठरवले आणि मीही ते मान्य केले.

पूर ओसरला, पायांचे ओढणे मात्र राहिले. पुढच्या वर्षी त्यात हातांची भर पडली. सकाळी उठल्यावर बोटांच्या पेरांना ताठपणा असे आणि पेन धरायला नऊ वाजत. यावर मी जे केले ते आमच्याकडे बहुतेक जण करतात, म्हणजे औषधाच्या दुकानातून सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणल्या. असिक्लोफिनॅक घेतली की दोन-तीन तासांत बोटे मोकळी होत. काही महिन्यांनी पोटात जळजळ सुरू झाली, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेऊ लागले. या दोन गोळ्यांचा माझ्या पायांशी काही संबंध असेल, अशी शंकाही त्या वेळी मनात आली नाही.

तिसरा उपाय तर आमच्या व्यवसायातलाच होता. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हळदीच्या गुणांविषयी आमच्या दुकानात रोज काहीतरी बोलणे होतेच. दाह, म्हणजे शरीरातली सूज, कमी करणारा हळदीतला घटक म्हणून कर्क्युमिनचे नाव सगळ्यांना पाठ झाले होते. भाऊजींनी मोठ्या हौसेने कर्क्युमिनच्या कॅप्सूलचा डबा आणून दिला. एका कॅप्सूलमध्ये पाचशे मिलिग्रॅम अर्क होता आणि अंगी लागावा म्हणून त्यात मिरीतले पिपरिनही घातलेले होते. मी सकाळ-संध्याकाळ एकेक घेऊ लागले. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असते. म्हणजे अर्धा चमचा हळदीच्या दुधातून जेवढे पोटात जाते, त्याच्या दहापटीहून अधिक मी रोज घेत होते. घाऊक व्यापाऱ्याच्या घरात राहून हा साधा गुणाकार मी दीड वर्ष केला नाही, याची मला अजूनही लाज वाटते.

डिसेंबर २०२१ मध्ये मिरजेतल्या एका फिजिशियनने पायांचे नीट ऐकून घेतले. त्यांनी चार गोष्टी विचारल्या. पाय हलवण्याची अनावर ओढ लागते का. स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर ती वाढते का. चालले की कमी होते का. आणि दिवसापेक्षा संध्याकाळी व रात्री जास्त होते का. चारही उत्तरे ‘होय’ आली. पोटरीत गोळा येऊन ती दगडासारखी घट्ट होते का, असेही त्यांनी विचारले. तसे होत नव्हते. त्यांनी रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम हे नाव सांगितले. पुढे वाचनात आले की टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्येच अशा पायांचे वर्णन केले होते आणि १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली, म्हणून या विकाराला विलिस-एकबोम विकार असेही म्हणतात. पावणेतीनशे वर्षे मधे गेली, तेव्हा माझ्या आईला नाव सापडले नाही यात नवल नाही.

त्यांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ११.८ होते आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ८४. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनपुढे कोणतीही खूण नव्हती, म्हणजे ते सर्वसाधारण मर्यादेत होते. लोह पुरेसे आहे असे ठरून मला रोपिनिरोल ही मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखे काम करणारी गोळी सुरू झाली. पहिल्या रात्री मी सहा तास सलग झोपले आणि सकाळी देवापुढे साखर ठेवली. आठ महिने असेच गेले. मग त्रास रात्री अकराऐवजी आठला, मग सहाला आणि पुढे दुपारी चारला, दुकानात गादीवर बसले असतानाच सुरू होऊ लागला, आणि पायांबरोबर दंडही ओढू लागले. डोस वाढवला की पंधरा दिवस बरे जात आणि मग पुन्हा तेच होई. या गटातल्या औषधांनी विकार उलट पुढे सरकू शकतो, हे मला पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून ऑक्टोबर २०२२ मध्ये समजले. आता ही औषधे सुरुवातीलाच सर्रास देऊ नयेत असे मत आहे, असेही त्यांनी सांगितले.

या पुण्याच्या भेटीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या आजाराचा हिशेब तिथे पहिल्यांदा जुळला. डॉक्टरबाईंनी आधी पायांऐवजी माझे हात पाहिले. मधली पेरे दाबून पाहिली, सकाळचा ताठपणा किती वेळ टिकतो ते विचारले आणि मी घेत असलेल्या प्रत्येक गोळीची यादी करायला सांगितली. मी कॅप्सूलचा उल्लेख केला नव्हता. हळद औषधात कशी मोजायची, असे वाटले होते. ‘जे पोटात जातं ते सगळं लिहा,’ असे त्या म्हणाल्यावर मी तेही लिहिले. मग त्यांनी फेरिटिनचा जुना कागद हातात घेतला आणि विचारले, ‘याच दिवशी सीआरपी केली होती का?’ केली नव्हती.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. शरीरात कुठेही दाह चालू असला की यकृत ते जास्त प्रमाणात बनवते. फेरिटिनची अडचण अशी की तेही दाहात वाढते. म्हणजे ज्या आकड्यावरून लोहाचा साठा ओळखायचा, तोच आकडा दाहामुळे फुगलेला असू शकतो. नव्या तपासणीत माझी सीआरपी ३१ मिलिग्रॅम प्रति लिटर निघाली. पाचपर्यंत ती सर्वसाधारण मानतात. फेरिटिन ८१ होते. पण रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनवर प्रत्यक्षात किती लोह चढलेले आहे, ते फक्त १२ टक्के होते. ते २० टक्क्यांच्या आत असणे म्हणजे लोह कमी पडते आहे असे समजतात.

बाईंनी समजावले ते त्यांच्या भाषेत, मला कळले ते माझ्या भाषेत. सांगलीजवळच्या आमच्या हरिपूरला हळद साठवायची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राहते. २००५ च्या पुरात त्यांतली पुष्कळ गेली, तो भाग वेगळा. वहीत लिहिलेले असते की पेवात इतकी पोती आहेत. पण पेवाचे तोंड बंद असेल तर त्या आकड्याचा बाजारातल्या गिऱ्हाइकाला काही उपयोग नसतो. यार्डात उभ्या गाड्या रिकाम्याच राहतात. दाह असताना यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते आणि ते ही तोंडे बंद करते. आतड्यातून नवे लोह आत येत नाही आणि साठ्यातले बाहेर पडत नाही. शरीराचा हेतू वाईट नसतो. जंतूंनाही वाढायला लोह लागते, म्हणून आजारपणात ते लपवून ठेवायची ही जुनी सोय आहे. मात्र माझ्यासारख्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाहात ही सोय अंगलट येते. मेंदूत डोपामिन तयार होताना लोहाची गरज असते आणि या विकारात मेंदूतल्या काही भागांत लोह कमी असल्याचे आढळते. रक्तातले आकडे ठीक दिसत असले तरीही. त्यामुळे इतरांना फेरिटिन तीसच्या वर असले की चालते, पण पायांच्या या विकारात ते ७५ च्या आत असेल तर लोह द्यावे आणि १०० पर्यंत असले तरी शिरेतून देण्याचा विचार करावा, असे तज्ज्ञ मानतात. माझे ८४ म्हणजे फुगवलेले ८४ होते.

पुढे माझ्या यादीवर त्या आल्या. सूज उतरवणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या की जठराच्या अस्तरातून थोडेथोडे रक्त झिरपू शकते. शौचाच्या तपासणीत तसे रक्त सापडलेही. पँटोप्राझोलने आम्ल कमी होते आणि अन्नातले लोह शोषले जायला तर आम्ल हवे. कर्क्युमिन लोहाला धरून ठेवते आणि मोठ्या मात्रेत ते शोषणात अडथळा आणू शकते. म्हणजे हातांसाठी आणि पोटासाठी म्हणून घेतलेल्या तीन गोष्टींपैकी एकीने लोह बाहेर सोडले, दुसरीने आत येणे अवघड केले आणि तिसरीने वाटेत अडवले असावे. कोणी किती नुकसान केले हे वेगवेगळे काढता येणार नाही, हे बाईंनीच स्पष्ट केले. सर्दी झाली की मी रात्री क्लोरफेनिरामाइन असलेली गोळी घेत असे, तीही त्यांनी काढून टाकली. त्या रात्री सर्वांत वाईट जातात हे मला आधीच जाणवले होते, पण मी ते सर्दीच्या नावे लिहीत होते.

गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सीलिएक आजार पायांना कारण आहे का, म्हणून त्याची रक्ततपासणीही झाली, कारण त्या आजारात असे पाय आढळतात. ती नकारार्थी आली. त्याआधी मी कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन महिने पोळी सोडून ज्वारीची भाकरी खाल्ली होती, त्याने काही फरक पडला नव्हता, त्याचा उलगडा झाला.

हातांसाठी मिरजेच्या संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले गेले. अँटी-सीसीपी चाचणी सकारात्मक आली आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजाराचे, निदान झाले. वेदनाशामक गोळ्यांनी सूज आणि दुखणे दबते, पण सांध्यांतला मूळ दाह त्यांनी थांबत नाही, हे इतक्या उशिरा समजले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फोलिक आम्ल, शिवाय हायड्रॉक्सीक्लोरोक्विन असे उपचार नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. मेथोट्रेक्सेटचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. आणि कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेच्या कॅप्सूलनेही काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, म्हणून तो डबा तिथेच कायमचा बंद झाला. आमटी-भाजीतली हळद तशीच चालू राहिली.

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात. तोवर तीन आठवडे सकाळी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची कमी मात्रा दिली होती. त्या दिवसांत पाय चकित होण्याइतके शांत झाले आणि मात्रा उतरवली तसे पुन्हा ओढू लागले. मला वाटले, औषध सापडले. डॉक्टरांनी उत्साह आवरायला सांगितले: स्टेरॉइड हा पायांचा उपचार नव्हे, हाडे आणि साखर यांच्या दृष्टीने तो चालू ठेवता येणार नाही, आणि दुखणे थांबल्यामुळेही तसे वाटले असेल. त्यांचे म्हणणे मी मानले. तरी दाह उतरला की पाय उतरतात, ही नोंद मी वहीत ठेवली.

मार्च २०२३ मध्ये सीआरपी ५ वर आली. बोटे सकाळी सातलाच चालू लागली. आणि फेरिटिन? ते ८१ वरून ३६ वर उतरले. कागद पाहून माझे हातपाय गार पडले; चार महिने औषधे घेऊन लोह निम्म्याहून कमी झाले, असा त्याचा सरळ अर्थ मी लावला. फोनवर बाई शांतपणे म्हणाल्या, ‘लोह कमी झालेलं नाही. खरं होतं तेवढं आता दिसतंय.’ दुकानात आम्ही वर्षातून एकदा प्रत्यक्ष पोती मोजतो आणि वहीतला आकडा दुरुस्त करतो, तेव्हा कुणी चोरी झाली म्हणत नाही. तसेच हे होते.

आधी तोंडाने घ्यायच्या लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या एक दिवसाआड. रोज घेतलेल्या बऱ्या, असे मला वाटत होते. पण एका गोळीनंतर हेप्सिडिन सुमारे चोवीस तास वर राहते आणि दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी वाया जाते, म्हणून एक दिवस सोडायचा. गोळी सकाळी रिकाम्या पोटी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा दीड-दोन तासांनी, कारण चहातले टॅनिन लोहाला अडवते. पहाटेचा चहा सोडणे मला मेथोट्रेक्सेटपेक्षा जड गेले. तीन महिन्यांत फेरिटिन ३६ वरून ४५ वर पोहोचले, पोट मात्र सतत फुगलेले आणि शौचाला खडा. हळिवाचे लाडू, राजगिरा, लोखंडी कढईतली भाजी हे सगळे घरात होतेच, पण एवढी तूट अन्नाने भरून निघत नाही, हे आकड्यांवरून दिसत होते.

जुलै २०२३ मध्ये शिरेतून फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे लोह दिले, एक हजार मिलिग्रॅम. रुग्णालयात खुर्चीवर बसवून सुमारे वीस मिनिटे सलाइन चालू होते आणि पुढे अर्धा तास लक्ष ठेवले. गंमत अशी की तो अर्धा तास स्वस्थ बसायचा होता आणि मी सलाइनची दांडी धरून खोलीत उभी होते. परिचारिकेला वाटले मी घाबरले आहे. या प्रकारच्या लोहाने रक्तातले फॉस्फेट उतरू शकते, म्हणून दोन आठवड्यांनी तेही तपासले. ते ठीक होते.

लगेच काही झाले नाही. दहा दिवसांनी काही नाही, वीस दिवसांनी काही नाही, आणि एवढा खर्च वाया गेला असे घरात बोलणे सुरू झाले. पाचव्या आठवड्यात एका रात्री मी अंथरुणावर पडून ह्यांच्याशी बाजारभावाविषयी बोलत होते. बोलता बोलता ह्यांनीच विचारले, ‘आज उठली नाहीस?’ तेव्हा लक्षात आले की अर्धा तास पाय तसेच होते. आठव्या आठवड्यात फेरिटिन १७० आणि ट्रान्सफेरिनवरचे लोह २७ टक्के आले. सीआरपी त्या वेळीही ४ होती, म्हणून या १७० वर विश्वास ठेवता आला.

त्यानंतर रोपिनिरोल थोडेथोडे कमी करून बंद केले. तो पंधरवडा फार वाईट गेला. त्यासाठी रात्री प्रीगॅबालिन या वेगळ्या गटातल्या औषधाची छोटी मात्रा दिली आहे, ती अजून चालू आहे. त्यामुळे मी औषधमुक्त झाले असे कुणाला सांगत नाही. आठवड्यात एखादी रात्र जिन्यात जाते, पूर्वी सातही जात असत. निरगुडीचा शेक आणि गरम पाणी यांनी त्या रात्री थोडे बरे वाटते, आणि त्यांची कुठल्या गोळीशी भांडणे नाहीत, म्हणून ते ठेवले आहेत. जवसाची चटणी आवडते म्हणून खाते. तिने दाह किती उतरतो, हे मोजायच्या भानगडीत मी पडले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूसारखा ताप येऊन गेला आणि मेथोट्रेक्सेटचे तीन डोस थांबवावे लागले. बोटे सुजली, सीआरपी २२ झाली आणि चौथ्या दिवशी पाय दुपारपासून ओढू लागले. फेरिटिन तपासले असते तर ते दोनशेच्या वर दिसले असते, म्हणून बाईंनी ते त्या वेळी करूच दिले नाही. दाह बसल्यावर, सहा आठवड्यांनी करा, असे सांगितले. तेव्हा ते ११२ आले.

आता दर सहा महिन्यांनी सीआरपी, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिनवरचे लोह या तिन्ही तपासण्या एकाच नमुन्यातून करायच्या, असे ठरले आहे. नमुना सकाळी उपाशीपोटी द्यायचा आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेतलेली नसावी. माझ्या मुलीला या दिवाळीत पोटऱ्यांविषयी बोलताना ऐकले. ती पुण्यात नोकरी करते, वय एकोणतीस, आणि संध्याकाळच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा नको असते, कारण पाय पसरायला मधली वाट लागते. तिचे फेरिटिन १९ आहे, सीआरपी १. तिच्या आकड्यांत दाहाची भेसळ नाही, त्यामुळे तिला एक दिवसाआडची गोळी थेट सुरू झाली, आणि चहा मागे ढकलण्यावरून आमचे फोनवर भांडण चालू आहे.